टाचण कोणाच्या वर्गाचे?

अध्यापक महाविद्यालयांतील छात्राध्यापकांच्या वह्या चाळल्या, की हर्बार्टच्या पंचपदीनुसार सजवलेली सुबक पाठटाचणे दिसतात. उद्दिष्टे, प्रस्तावना, फलकलेखन सारे यथास्थित. मात्र ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांचा मागमूस त्यात क्वचितच आढळतो. पूर्वी ज्येष्ठांच्या वहीवरून उतरवले जाणारे टाचण आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात लिहून देते. नक्कल तीच, वेग तेवढा वाढला.

म्हणून तंत्रज्ञान नाकारावे काय? मुळीच नाही. 2017 पासून ‘दीक्षा’वर पाठ्यपुस्तकांशी जोडलेले साहित्य उपलब्ध झाले आहे. 2014 च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये 20 आठवड्यांची शालेय आंतरवासिता आणली. या काळात छात्राध्यापकाने शाळेच्या अनुमतीने आपला पाठ भ्रमणध्वनीवर चित्रित करावा, मार्गदर्शकांसह पाहावा, मुले कोठे अडखळली ते टिपावे आणि टाचण पुन्हा लिहावे. यंत्राचा मसुदाही असाच पारखावा. अपूर्णांक शिकवताना आपल्या वर्गाला पिझ्झाचा तुकडा जवळचा की भाकरीचा चतकोर, हे त्यालाच ठरवावे लागेल.

महाविद्यालयांनीही गुण द्यावेत ते या दुसऱ्या टाचणातील सुधारणेला. तसे झाले, तरच उद्याचा शिक्षक यंत्र वापरूनही आपला वर्ग ओळखणारा निपजेल.