प्राणवायू संयंत्रे उभी राहिली. त्यांच्या देखभालीचे काय?

एप्रिल २०२१ मध्ये देशात प्राणवायू नव्हता असे नाही. तो मुख्यतः राउरकेला, जमशेदपूर, बोकारो अशा पूर्वेकडील पोलाद कारखान्यांपाशी होता आणि धाप लागलेले रुग्ण दिल्ली-महाराष्ट्रात होते. उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव वाहून नेणारे टँकरच पुरेसे नव्हते. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले, एवढ्यावरून त्या दिवसांची कल्पना यावी.

यावरचा उपाय म्हणून रुग्णालयांच्या आवारातच हवेपासून प्राणवायू वेगळा करणारी ‘पीएसए’ संयंत्रे बसवण्यात आली. पीएम केअर्स निधीतून बाराशेहून अधिक संयंत्रांना मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांतील बहुतेक सुरूही झाली. निर्णय योग्यच होता. नंदुरबार जिल्ह्याने तर पहिली लाट ओसरत असतानाच ही वाट धरली होती आणि दुसऱ्या लाटेत त्याचा लाभ जिल्ह्याला मिळाला.

प्रश्न त्यानंतरचा आहे. या संयंत्रात दाबाखालील हवा झिओलाइटच्या थरातून जाते. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. परंतु नायट्रोजनपेक्षाही घट्ट तो पाण्याची वाफ धरतो. कॉम्प्रेसरनंतरचा हवा सुकवणारा भाग बिघडला, तेलाचे गाळणे वेळेवर बदलले नाही, की झिओलाइटची क्षमता हळूहळू घटते. घातक गोष्ट अशी की यंत्र चालूच राहते. दाब ठीक दिसतो, प्रवाहही ठीक दिसतो, घसरते ती केवळ शुद्धता. ती मोजणारे उपकरण वेळोवेळी तपासलेले नसेल तर ही घसरण लक्षातही येत नाही.

द्रवरूप प्राणवायू पुन्हा सुरळीत मिळू लागला की विजेचे बिल वाढवणारे संयंत्र बंद ठेवण्याचा मोह रुग्णालयाला होणे स्वाभाविक आहे. २७ डिसेंबर २०२२ रोजी देशभर रंगीत तालीम झाली, हे चांगलेच. मात्र आधी कळवून घेतलेल्या तालमीत यंत्र सुरू होते एवढेच सिद्ध होते. पूर्ण भारावर काही तास चालवून, वॉर्डातील खाटेपाशी शुद्धता नोंदवली, तरच त्या तालमीला अर्थ आहे. नवजात अर्भके, न्यूमोनियाचे रुग्ण, शस्त्रक्रिया यांसाठी प्राणवायू रोजच लागतो. त्यातील ठरावीक वाटा याच संयंत्रांतून घेतला तर वेगळ्या तालमीची गरजही कमी होईल.

संयंत्रे चालवण्यासाठी ७,००० हून अधिक जणांना प्रशिक्षण दिल्याचे सरकारने २०२१ मध्ये सांगितले होते. प्रशिक्षित माणसाची बदली होते, कंत्राट संपते. जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापनेत प्राणवायू तंत्रज्ञाचे कायम पद हवे, आणि गाळणी, सुटे भाग व वीज यांसाठी अंदाजपत्रकात वेगळा शीर्ष हवा. मागणी क्षुल्लक वाटेल. उद्घाटनाची फीत कापण्याजोगे तिच्यात काहीच नाही.