मतदाराचा कौल दुसऱ्याला आंदण देऊ नका

चोपडा हा जळगाव जिल्ह्यातील अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला एकमेव विधानसभा मतदारसंघ. तेथून २०१९ साली निवडून आलेल्या लताबाई सोनवणे यांचा टोकरे कोळी जमातीचा दावा नंदुरबारच्या पडताळणी समितीने २०२२ मध्ये अवैध ठरविला. उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. आमदारकी मात्र चालूच राहिली. चोपडेकरांना पुन्हा मत देता आले ते थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये.

अशा वेळी आपल्यातलेच काही साथी म्हणतात, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विजयी घोषित करा. त्यांचा संताप रास्त आहे, उपाय घातक आहे.

१९६१ साली ब्रिस्टलमध्ये मजूर पक्षाच्या टोनी बेन यांना २३,२७५ मते मिळाली. वडिलांच्या मृत्यूने उमरावपद माथी आले म्हणून ते अपात्र ठरले आणि १०,२३१ मतांचे हुजूर पक्षीय सेंट क्लेअर खासदार झाले! बेन अपात्र असल्याचे मतदारांना ठाऊक होते, सबब त्यांची मते वाया गेली, असा हा न्याय. कायदा बदलल्यावर १९६३ मध्ये सेंट क्लेअर यांनी राजीनामा दिला (त्यांची सभ्यता मान्य केलीच पाहिजे) आणि बेन पोटनिवडणुकीतून परतले.

आपल्याकडे १९६७ च्या यादगीर निवडणुकीत दोनच उमेदवार होते. तेथे सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याला निवडून आल्याचे ठरविले. भालकीच्या खंड्रे खटल्यात मात्र, २००२ साली, उमेदवार अनेक असल्याने त्याच न्यायालयाने तसे करण्यास नकार दिला. अपात्राची मते कोणाकडे वळली असती, हे न्यायाधीशाने कशावरून ठरवावे?

खरी मेख निराळीच आहे. राखीव जागेवरील ग्रामपंचायत सदस्याने मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर त्याची निवड आपोआप रद्द होते. आमदाराला ही अट नाही! निवडणूक याचिका पंचेचाळीस दिवसांत दाखल करावी लागते. सहा महिन्यांत ती निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. पडताळणीच्या फायलीला असली घाई कोणी लावायची? चोपडा, साक्री, शिरपूर या खानदेशातील राखीव मतदारसंघांतल्या आदिवासींना पराभूतांतून निवडलेला आमदार नको आहे. सदस्याला लावलेली अट आमदारालाही लावा, दावा फेटाळला जाताच जागा रिकामी करा आणि सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्या, ही मागणी घेऊन आपण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत गेले पाहिजे.