बांध फुटले, खाडी परतली

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला मैलोनमैल मिठागरं पसरली होती. २००३मध्ये त्यांतली सुमारे १५,००० एकर जमीन सार्वजनिक मालकीची झाली. तिथे घरं उठली नाहीत. बांध फोडले गेले. तिथल्याच अल्विसोजवळच्या मिठागरांच्या तीन तळ्यांत २००६मध्ये भरतीचं पाणी शिरलं. प्रत्येक भरतीने थोडा गाळ आणून टाकला, आणि तो पुरेसा उंच झाला तिथे खाऱ्या चिखलात तगणारी पिकलवीड आपसूक रुजली. खाडीला वाट मिळाली की ती आपलं काम करते, यावर माझा विश्वास आहे.

सगळे बांध मात्र फोडलेले नाहीत. काही तळी पाणपक्ष्यांसाठी राखली आहेत, कित्येक बांधांवर लोकांसाठी पायवाटा आहेत. स्नोई प्लोव्हर हा मुठीत मावेल एवढा चिखल्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतो, म्हणून विणीच्या हंगामात काही वाटा बंद असतात. फिरणाऱ्यांनी तेवढं थांबायलाच हवं.

आपल्याकडे ठाणे खाडीला २०२२मध्ये पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीने रोहित पाहता येतात, हे उत्तमच. पण २०२४मध्ये मुंबईतली काही मिठागरं घरांसाठी द्यायचं ठरलं. उरलेल्यांतली किती खाडीला परत देणार, हे सरकारने आता सांगावं.