फूट मालकीची होती, सुरांची नव्हे

एखादा रॉक बँड ऐन भरात असताना गायक वा वादक बाहेर पडला की निवेदनात दोन शब्द ठरलेले असतात: 'कलात्मक मतभेद'. १९१३ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळी फुटली, त्या घटनेलाही कोणी हेच शब्द चिकटवतो, तर कोणी बालगंधर्वांना मातृसंस्था फोडल्याचा दोष देतो. मला दोन्ही अमान्य आहेत.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेथून ही मंडळी उभी राहिली. १९०५ मध्ये नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, तिच्यात आले. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. प्रेक्षकांनी नाटक डोक्यावर घेतले. त्याच वर्षी नानासाहेब जोगळेकर वारले आणि सारा कारभार शंकरराव मुजुमदारांच्या हाती एकवटला. प्रेक्षक ज्याच्या गळ्यासाठी येत तो पगारी नोकर, आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस बाहेर पडले आणि टेंबे यांच्यासह त्यांनी 'गंधर्व नाटक मंडळी' काढली. तिघेही भागीदार. हा शब्द नीट वाचावा.

मतभेद कलेचे असते, तर नव्या मंडळीची कला बदलली असती. प्रत्यक्षात 'मानापमान' इथेही होत राहिले, आणि 'स्वयंवर'ही त्याच खाडिलकरांनी लिहून दिले. आमच्या बदलापुरात, हेंद्रेपाड्यातदेखील, एखादी बेंजो पार्टी फुटली तर कोणी राग-ताल विचारत नाही; वाद्ये कोणाच्या नावावर आणि सुपारीचे पैसे कोण घेतो, एवढेच विचारतात. इतिहास लिहिणाऱ्यांना हा साधा प्रश्न का सुचू नये?

कोणी म्हणेल, 'स्वयंवर'चे संगीत भास्करबुवा बखल्यांचे होते, ते वेगळ्याच घडणीचे होते. होते, निःसंशय. पण ते १९१६ चे. संगीत कोणाकडे सोपवायचे हे ठरवण्याचा अधिकार हाती आल्यानंतरचे. कार्याला कारण म्हणू नये.

बालगंधर्व गेल्यावर किर्लोस्कर मंडळीला दीनानाथ मंगेशकरांच्या रूपाने दुसरा तेजस्वी गळा मिळाला. १९१८ मध्ये तेही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडले आणि त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' स्थापली. पाच वर्षांत त्याच घरातून दोनदा माणसे जातात, दोन्ही वेळा स्वतःची मंडळी काढतात, तेव्हा दोष जाणाऱ्यांच्या अहंकाराचाच कसा?

गंधर्व मंडळी तरी याला अपवाद ठरली का? नाही. टेंबे काही वर्षांतच निघाले आणि त्यांनी 'शिवराज' ही स्वतःची मंडळी काढली. पुढे बोडसही गेले. भागीदारी सरली, मालकी एकट्या बालगंधर्वांकडे उरली, आणि १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात बुडाली तेव्हा ते कर्जही त्यांनाच फेडावे लागले.