गॅस कुणाचा, पाणी कुणाचं?
"भंडाऱ्यात शेल गॅस नाही, मग आपल्याला काय?" मित्रानं विचारलं.

सांगतो. एका विहिरीचा खडक फोडायला लाखो लिटर पाणी लागतं, त्यात वाळू अन् रसायनं. दूषित पाणी परत वर येतं. २०१८ मध्ये केंद्रानं कंपन्यांना हातातल्या ब्लॉकमध्येच शेल गॅस शोधायची मुभा दिली. २०२० मध्ये तामिळनाडूनं कायदा करून कावेरीच्या भातपट्ट्यात नवं तेल-गॅस उत्खनन बंद केलं.

आपणही धानवालेच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येतं, गोसीखुर्दात साचतं. भोगतो कोण? आपण.

गॅसची आयात घटावी, मान्य. पण घाण पाण्याचा हिशेब आधी, बोअर नंतर. पटतंय का?