उडीचे श्रेय

विज्ञानकथेची चर्चा अजूनही ‘यातील विज्ञान बरोबर आहे काय?’ या प्रश्नापाशीच घुटमळते. एडगर राइस बरोज यांच्या ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ (मासिकातून १९१२, ग्रंथरूपाने १९१७) या कादंबरीतील जॉन कार्टर मंगळावर पोहोचताच तीस फूट उंच आणि शंभर फूट लांब उडी मारतो. कादंबरीने पुढे केलेले कमी गुरुत्वाकर्षणाचे आणि विरळ हवेचे कारण मुकाट्याने स्वीकारून समीक्षक पुढे जातात.

निदान हिशेब तरी करावयाचा होता. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. वेग आणि कोन तेच राहिले तर उडी अडीच पटींहून थोडी अधिक वाढेल. बॉब बीमनची १९६८ सालची मेक्सिको सिटीतील ८.९० मीटरची उडी, पूर्ण धावेसह, तेथे तेवीस-चोवीस मीटरांची ठरेल. (वजन घटल्यावर जमिनीवरची पकड सुटून ती धावही साधणार नाही, हे वेगळेच.) कार्टर मात्र धावपट्टीवाचून तीस मीटर गाठतो.

हे जास्तीचे अंतर विज्ञानाचे नाही, विचारप्रणालीचे आहे. कार्टर हा व्हर्जिनियाचा, गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या कॉन्फेडरेट सैन्यातील कप्तान. हिरवे मंगळवासी त्याला उडी मारून दाखवण्यास पुनःपुन्हा फर्मावतात. तो आधी अन्न मागतो. येथे प्रेक्षक आहेत, प्रयोगाची पुनरावृत्ती आहे. पण फळी नाही, वाळू नाही, बाद उडी नाही, सराव तर नाहीच. क्रीडाप्रकारातून नियम आणि श्रम वगळले की उरते ती जन्मसिद्ध श्रेष्ठता, आणि गुरुत्वाकर्षण तिच्या बाजूने साक्ष देते.

कृष्णवर्णीय बीमनच्या वाट्याला नेमके उलटे आले. त्याने जुन्या विक्रमात ५५ सेंटिमीटरांची भर घातली. मोजणीचे प्रकाशीय उपकरण तेथवर पोहोचेना, फीत आणावी लागली. मग सुमारे २२४० मीटर उंचीवरची विरळ हवा आणि नियमाच्या अगदी कडेवरचा, सेकंदाला २ मीटर वेगाचा अनुकूल वारा यांच्यात श्रेय वाटले गेले. त्यांचा हातभार नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच उंचीवर, त्याच स्पर्धेत दुसरा आलेला क्लाउस बेअर ८.१९ मीटरवर थांबला आणि जुन्या विक्रमाचा भागीदार राल्फ बोस्टन ८.१६ वर. विरळ हवा कार्टरला नायक करते. तीच हवा बीमनच्या पराक्रमातून वजा केली जाते. केवळ विज्ञान तपासणाऱ्या समीक्षेला ही वजाबाकी दिसत नाही, कारण दोन्हीकडचे विज्ञान तिला सारखेच बिनचूक वाटते. १९९१ मध्ये माइक पॉवेलने टोकियोत, जवळजवळ समुद्रसपाटीवर, ८.९५ मीटर उडी मारली तेव्हा वारा सेकंदाला अवघा ०.३ मीटर होता.