बोटांची बटणं टीव्हीवर कशाला?

मोबाइलवर चाललेला गेम कन्सोलवर आणायचा ठरला की भल्याभल्या कंपन्यांच्या अंगात आळस संचारतो. चित्रं ताणायची, कंट्रोलरच्या स्टिकला एक कर्सर जुंपायचा आणि 'कन्सोलसाठी खास' म्हणून जास्त पैसे घ्यायचे. खास काय केलंत हो? खालच्या दोन्ही कोपऱ्यांतली ती गलेलठ्ठ गोल बटणं तर तशीच आहेत! फोन आडवा धरला की अंगठे तिथे पोचतात, म्हणून ती तिथे होती. टीव्हीच्या कोपऱ्यात कोणाचा अंगठा पोचणार आहे?

त्यात मेन्यूमधून बाहेर पडायचं तर डावीकडे वर एक इवलासा बाण. कर्सर तिकडे सरपटत निघतो, बाणाच्या पुढे जातो, मागे आणावा तर खाली घसरतो. आणि नेमकं याच कामासाठी घडवलेलं 'बी' बटण हाताखाली रिकामं बसलेलं असतं. वर पडद्यावर 'टॅप करा' अशी आज्ञाही असते. कुठे टॅप करू? काचेवर?

या निष्काळजीपणाचा कळस पाहायचा असेल तर 'क्रोनो ट्रिगर' घ्या. हा गेम 1995 साली सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला, म्हणजे जन्मलाच कंट्रोलरच्या हातात. पुढे तो फोनवर गेला, तिथे बोटांसाठी त्याचे मेन्यू बदलले, ते योग्यच होतं. पण फेब्रुवारी 2018 मध्ये स्क्वेअर एनिक्सने तो पीसीवर आणला, तो फोनचा पेहराव अंगावर ठेवूनच. कंट्रोलरसाठी सिद्ध झालेली मांडणी 23 वर्षं घरात पडून होती आणि लोकांपुढे ठेवली ती काचेवरची! खेळाडू खवळले, मग पुढचे काही महिने पॅचमागून पॅच काढत कंपनीने मेन्यू सुधारले. म्हणजे जमत होतं. आधी करायचं नव्हतं, इतकंच.

कर्सरवाल्यांचं ठरलेलं ब्रह्मास्त्र म्हणजे 'डेस्टिनी'. "2014 पासून बंजीच्या त्या गेममध्ये कर्सरच आहे ना!" आहे. पण तो बटणावर आला की त्याचा वेग मुद्दाम कमी होतो, आणि मेन्यूतले चौकोनही त्याच्या बेताने आखलेले आहेत. त्यामागे डोकं आणि घाम आहे. तुम्ही नुसता बाण उचललात आणि घाम तिथेच ठेवलात.

खरं काम असतं फोकसचं, म्हणजे कोणती वस्तू आत्ता उजळलेली आहे याचं. शेवटच्या रकान्यात उजवीकडे दाबलं तर फोकस कुठे जावा? चौथ्या ओळीतली तलवार उघडून पाहिली आणि मागे आलो, तर फोकस त्याच तलवारीवर हवा. तो पहिल्या ओळीत उडाला तर दर वस्तूमागे तीन ओळी पुन्हा उतरायच्या. टॅब खांद्याच्या बटणांवर हवेत. स्विचवर 'ए' उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सवर खाली, तेव्हा 'हो' कुठे आणि 'नाही' कुठे हे प्रत्येक कन्सोलवर नीट ठरवावं लागतं. हे प्रत्येक पडद्यासाठी, एकेका बाणाचा माग काढत करावं लागतं. किचकट आहे, कबूल. पण डिझायनरला पगार कशाचा देता?

आणि अक्षरं! फोन हातभर अंतरावर असतो, टीव्ही आठ-दहा फुटांवर. मायक्रोसॉफ्टच्या सुलभतेच्या मार्गदर्शिकेत 1080पी पडद्यावर किमान 26 पिक्सेल उंचीची अक्षरं ठेवायला सांगितलं आहे. ती कोणापासून लपवून ठेवलेली नाही. तरी आम्ही सोफ्यावरून उठायचं आणि पडद्याला नाक लावून औषधाचा भाव वाचायचा?

'फायनल फँटसी'चे जुने सहा गेम 'पिक्सेल रीमास्टर' म्हणून नव्या रूपात आले, तेव्हा त्यांतला काटकुळा फॉन्ट लोकांनी धुऊन काढला होता. एप्रिल 2023 मध्ये ते सहा गेम स्विच आणि पीएस4 वर आले, तेव्हा जुन्या धाटणीचा फॉन्ट निवडायची सोय होती. इतकी साधी गोष्ट, पण खेळताना दर संवादाला ती जाणवते.

तेव्हा कंपन्यांनो, बाजारात उतरण्याआधी एक करा. तुमच्या प्रमुखांना टीव्हीपासून दहा फुटांवर बसवा, हाती कंट्रोलर द्या, कर्सर काढून टाका आणि दुकानातून एक ढाल विकत घ्यायला सांगा. घेता आली नाही, तर गेम फोनवरच विका. आमच्याकडून कन्सोलचा भाव मागू नका.